अर्ध्या लग्नाची हिरॉइन

माझा जन्म घोडपदेवच्या चाळीतला, बाबा गिरणीत, गाव मालवणकडचं, पण गाव म्हणजे मे महिना आणि फणस, बाकी सगळं चाळीतच. काय सांगू तुम्हाला, गणपतीत मंडळाचं नाटक बसायचं ना, तेव्हा बायकांची कामंही पुरुषच करायचे, मिशी काढून नऊवारी नेसायचे, आणि एका वर्षी त्यातला एक ऐन वेळी तापानं पडला, तर बाबांनी मला उभी केली. लोक म्हणाले पोरगी हसते झकास. ते हसणं बघूनच दादरच्या स्टुडिओतला एक सेठ आला. त्याचं नाव मी घेणार नाही, माझ्या तोंडात ते नकोच.

आधी गर्दीतलं काम, मग मैत्रिणीचं, मग एकदम हिरॉइन. सेठ म्हणायचा विलायती पिक्चरच्या बाईसारखी हसतेस तू, फक्त गिरणीवाल्याची मुलगी म्हणून सांगू नको, गिरगावातली म्हण. नाव पण बदललं. बाबा तोवर गेले होते, घर माझ्यावर, धाकटा भाऊ दत्ता गिरणीत नुकता लागलेला. तेव्हा मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र पाहिजे म्हणून रोज मोर्चे, दत्ता प्रत्येक मोर्च्यात. मी म्हणायची जपून रे, तर म्हणायचा ताई, तू पिक्चर कर, मी महाराष्ट्र करतो.

त्या दिवशी पिक्चरमधल्या लग्नाचा सीन होता. मी मुंडावळ्या बांधून, हिरवा चुडा भरून बसलेली, आणि तिकडे मोर्च्यावर गोळीबार झाला, दत्ताला लागली. शेजारचे सावंतमामा धावत स्टुडिओच्या गेटवर आले, सेठला म्हणाले तिचा भाऊ हॉस्पिटलात आहे, ताई ताई करतोय, पाठवा तिला. सेठ आत गेला, बाहेर येऊन मामांना म्हणाला, ती काम टाकून येणार नाही म्हणते. आणि मला काय म्हणाला माहीत आहे? आज अजून मोठं हस. मी दुपारभर हसले हो.

संध्याकाळी काम संपल्यावर सेठनं सांगितलं. तशीच नवरीच्या वेषात धावले, चाळीत पोचले तर दत्ता गेलेला, आई भिंतीला टेकून बसलेली. बायकांनी तोंडं फिरवली. मामा गेटवर येऊन गेले आणि सेठ त्यांना काय म्हणाला, ते मला तेव्हा कळलं; निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही हे मामांना पटलं, पण आईला पटेना, म्हणे मामा तुला पाठीशी घालतात. त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलायची बंद झाली.

सुतक फिटल्यावर सेठची गाडी आली, मी गेले. बाकी पिक्चर झालेलं, लग्न अर्धं राहिलेलं, आता नवरी बदलता येते का? मी रोज मुंडावळ्या बांधायची, लाइट लागायचे, सेठ म्हणायचा हस, आणि मी कॅमेऱ्याकडे बघत बसायची. परत. परत. कच्ची फिल्म परमिटावर मोजून मिळायची तेव्हा, मी ती जाळत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं, पोटातून बरं वाटायचं. शेवटी म्हणाला, तुला पाहिजे तरी काय? मी म्हटलं, आमच्या चाळीत या, सगळ्यांदेखत माझ्या आईला सांगा तुम्ही काय केलंत ते. हसला. रोल संपत आले तसं हसू गेलं.

आला. गॅलरीत टोपी हातात धरून उभा राहिला, आईला म्हणाला निरोप मी दाबला, तिला काही माहीत नव्हतं, नाही म्हटल्याचं मीच खोटं सांगितलं. जाताना मला म्हणाला, मग उद्या हसशील ना? मी मान हलवली. तो जिना उतरला, आणि आई बोलली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली माझ्याशी. जा गो चेडवा, म्हणाली, पण हसू नको.

नाही हसले. पिक्चर डब्यातच राहिलं, सेठ बुडाला. मलाही मग कोणी उभं केलं नाही, ही बाई नडते म्हणून बोभाटा झाला. काळाचौकीला खानावळ काढली, गिरणीवाल्यांना जेवू घातलं, दोन पोरी लग्नाच्या केल्या.

पुढे एकदा दुपारी सेठचा माणूस आला. म्हणाला सेठ शेवटच्या घटकेला आहेत, तुमची माफी मागायचीय, आत्ता चला. मी म्हटलं, येते सांगा. आणि पंगत वाढायला घेतली. सेठ दाराकडे बघत बघत गेला म्हणतात.

आता पोरी म्हणतात, आये, सोड आता, मेलेल्या माणसावर कसला राग. मी सोडत नाही. रोज देवापुढे बसते, पोरींसाठी मागते, नातवंडांसाठी मागते, तुम्ही एवढं बसून ऐकलंत, तुमच्यासाठी पण मागेन. सगळ्यांना सुखात ठेव म्हणते, त्याला एकट्याला सोडून.