चौथी फेरी

कांचन : पायातले बूट काढ आधी.

चारुलता : दोनच राउंड मारते, वन्सं. कमाटीबागेतसुद्धा जात नाही, इथे सोसायटीतल्या सोसायटीत. तुम्ही बसा, मी आलेच.

कांचन : मी वाडीतून रिक्षा करून सुभानपुऱ्याला भिंती बघायला आले? भावाने साडेसातला फोन केला. रिफायनरीत पोचल्या पोचल्या. म्हणे, ताई, चारू ऐकत नाहीये, तू जा.

चारुलता : यांना कुठे दम धरवतो! मला काही झालेलं नाही. बघा, उभी आहे ना धड?

कांचन : जानेवारीत पंखा लावून उभी आहेस. मला थंडी वाजतेय.

चारुलता : बंद करते.

कांचन : राहू दे. शाल आहे माझी. आणि राउंड मारायला पर्स कशाला लागते गं?

चारुलता : कुठे काय... किल्ली असते त्यात.

कांचन : चारू.

चारुलता : पत्र आहे. शालिनीबेनना द्यायचंय, शाळेत.

कांचन : मुख्याध्यापिकेला? त्यांनी तर तुला पंधरा दिवसांची रजा दिली. मग पत्र कसलं?

चारुलता : राजीनाम्याचं.

कांचन : आनंदला माहीत आहे?

चारुलता : नाही. तुम्ही पण सांगू नका.

कांचन : एकोणीस वर्षं त्या मैदानावर काढलीस, आणि नवऱ्याला न सांगता निघालीस सोडायला. बस इथे. मंगळवारी काय झालं ते मला नीट सांग. आनंदने निम्मंच सांगितलं.

चारुलता : सगळ्यांना माहीतच आहे. शिपायापासून.

कांचन : मला नाही माहीत.

चारुलता : मनाली म्हणून आहे नववीत. छाणीहून येते सायकलवर. खो-खोत तिच्यासारखं वळणारी मुलगी मी दहा वर्षांत पाहिली नाही. आंतरशालेय सामने पंधरवड्यावर आलेत. सकाळी सगळ्यांना मैदानाच्या चार फेऱ्या सांगितल्या. ही जवळ आली, हळूच म्हणाली, बाई, पोटात दुखतंय, आज बसू का?

कांचन : पाळीचं?

चारुलता : दुसरं काय असणार? कळत होतं मला. तरी सगळ्यांसमोर म्हटलं, पोट दुखतं म्हणून कुणी मेलेलं नाही. मी शेहेचाळीस वर्षांची, मी धावते तुमच्याबरोबर, तुला चौदाव्या वर्षी काय धाड भरली?

कांचन : आणि धावलीस?

चारुलता : धावले. चौथ्या फेरीला ती समोर आडवी झाली. हनुवटी फुटली. मी उचलायला वाकले आणि... वन्सं, मला ती उचलता येईना. एवढीशी पोर. माझ्याच डोळ्यांपुढे अंधार आला. मी तिच्या शेजारीच बसले मातीत. चित्रकलेच्या दिनकरराव सरांनी आणि शिपायाने दोघींना आणलं आत. स्टाफरूमच्या एका बाकावर ती, एका बाकावर मी. मुली दारातून बघतायत.

कांचन : आता कशी आहे पोर?

चारुलता : तीन टाके पडले. बरी आहे म्हणतात. सकाळी काही खाल्लं नव्हतं तिने.

कांचन : आणि तू काय खाल्लं होतंस?

चारुलता : चहा.

कांचन : तुझी पाळी?

चारुलता : तिचं काही खरं नाही हो आता. दोन-दोन महिने नाही. आणि आली की बारा-बारा दिवस. तेव्हा तर नळ सुटल्यासारखं.

कांचन : डॉक्टरला दाखवलंस?

चारुलता : दिवाळीच्या आधी. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात.

कांचन : साडेसात! आणि दिवाळीपासून कुणाला बोलली नाहीस?

चारुलता : गोळ्या दिल्या होत्या लोहाच्या. पोट बिघडायचं, मग सोडल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, परत या, एक सोनोग्राफी करू, थायरॉइड बघू. आणि तोवर धावणं बंद, हळू चाला, दुपारी तासभर पडा. पडा! मी पीटीची बाई. मी दुपारी पडले तर मुलींना कुठल्या तोंडाने पळवू?

कांचन : मग काय केलंस?

चारुलता : वाढवलं. आधी चार राउंड मारायची. मग सहा केले, आता आठ. अंगात आळस शिरलाय असं वाटायचं, तो घामाने जाईल. आमच्या सोसायटीतल्या बायका रेसकोर्सवर नवीन जिम निघालंय ना, तिथे जातात. पट्ट्यावर चालतात. माझ्याहून मोठ्या! येऊन सांगतात, केवढं फ्रेश वाटतं. मला धावून आल्यावर जिना चढताना कठडा धरावा लागतो. मग राग येतो, मग दुसऱ्या दिवशी अजून एक राउंड.

कांचन : आणि झोप?

चारुलता : पडलं की छातीत धडधडतं. वाटतं, आत्ता उठले नाही तर परत उठणारच नाही. कुठे निघालात?

कांचन : पाणी आणते तुला. उठू नकोस, मला माठ सापडतो.

चारुलता : द्या, मी घेते.

कांचन : बस म्हटलं ना! ... घे. मी तुला एक सांगते. आनंदलाही माहीत नाही हे पुरतं. सत्त्याऐंशी साली मी तुझ्याएवढी होते.

चारुलता : तेव्हा तुमची तब्येत बरी नव्हती, एवढं आठवतं. तुम्ही आमच्या घरभरणीला पण आला नव्हतात.

कांचन : तब्येतीला काही धाड नव्हती भरली. तुझ्यासारखंच सगळं. घाम, धडधड, रक्त. मी रेल्वेतून रजा घेतली ती पडून राहिले. पहिले चार महिने बरं वाटलं. मग पडायची सवय लागली. भाजीला जायला नको, देवळात नको, कुणी आलं तर नको. तुझे भाऊजी बिचारे म्हणायचे, तिला पडू द्या, तिला त्रास देऊ नका. पडू दिलं. तीन वर्षं!

चारुलता : तीन वर्षं?

कांचन : नोकरी गेली त्यात. मी सांगते सगळ्यांना, मी सोडली. मग न्हाणीघरात नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं वापरलीच नाहीत तर ती तरी कशी राहणार? म्हणून तुला पडून राहा असं मी नाही सांगणार. त्या डॉक्टरबाईंनी पण नाही सांगितलं. चाल म्हणाल्या आणि पड म्हणाल्या. तुला त्यातलं निम्मं ऐकायलाच येत नाही.

चारुलता : चालणं म्हणजे काय व्यायाम आहे?

कांचन : माझ्याबरोबर चाल, मग बघ. माझ्या गतीने चालायचं म्हणजे तुझा जीव जाईल.

चारुलता : वन्सं, तुम्ही हसवू नका. मी एका मुलीची हनुवटी फोडलीय.

कांचन : हो. फोडलीयस. मग गेलीस तिच्या घरी?

चारुलता : नाही.

कांचन : तीन दिवस झाले.

चारुलता : काय सांगू जाऊन? तिची आई शिवणकाम करते, दोन मुली वाढवते एकटीने. तिला काय सांगू, मी दमले होते म्हणून तुमच्या मुलीला पळवलं?

कांचन : म्हणून पत्र. एकदा राजीनामा दिला की छाणीला जायला नको.

चारुलता : असं नाही हो!

कांचन : मग कसं आहे?

चारुलता : ...असंच आहे.

कांचन : मग असं कर. पत्र राहू दे तुझ्यापाशी. महिन्याने द्यावंसं वाटलं तर मी स्वतः येईन तुझ्याबरोबर. आज वरण-भात खा, तासभर आडवी हो. धडधडलं तर धडधडू दे, मी शेजारी बसते. मग दोघी जाऊ छाणीला.

चारुलता : तुमचे गुडघे, वन्सं...

कांचन : रिक्षा आहे ना? चल, कुकर कुठाय?

(त्याच दिवशी, चार वाजता. छाणीत मनालीच्या घराचा ओटा. कांचन मनालीच्या आईबरोबर आत बसली आहे.)

मनाली : बाई, मम्मी आत ओरडली ना तुम्हांला?

चारुलता : ओरडली. तुला ऐकू आलं?

मनाली : पूर्ण पोळात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. पण मी तर तिला तुमचं नावच नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, नास्ता केला नव्हता म्हणून चक्कर आली.

चारुलता : म्हणूनच मी सांगितलं. की तू बसू का विचारलं होतंस आणि मी सगळ्यांसमोर तुला बोलले. मनाली, माझं चुकलं. मला तेव्हा माझंच अंग सांभाळवत नव्हतं, आणि तुझ्यावर काढलं.

मनाली : तुम्हांला पण दुखत होतं?

चारुलता : दुखत नव्हतं. खूप दमायला होतं गं मला हल्ली. वयाने होतं. आणि रक्त कमी आहे माझं.

मनाली : मग सांगायचं ना! आम्हांला वाटलं, तुम्ही आमच्यावर गुस्सा आहात. दिवाळीपासून.

चारुलता : दिवाळीपासून?

मनाली : हा. सगळ्या मुली बोलतात... मग आता मम्मी मला सामन्याला नाही मोकलणार?

चारुलता : या सामन्याला नाही पाठवणार. टाके आहेत तुझे.

मनाली : पुढच्या वर्षी?

चारुलता : तुझी आई म्हणाली, बेन, पहिले तुमचं रक्त सुधारा, मग माझी मुलगी मागायला या.

मनाली : मम्मी अशीच बोलते.

चारुलता : बरोबर बोलली. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहे मी परत. आणि पुढच्या वर्षी पोट दुखलं तर मला येऊन सांगायचं, आज बसते. बसू का असं विचारायचं नाही.

मनाली : सगळ्यांसमोर?

चारुलता : सगळ्यांसमोर. मी दमले तर मी पण सांगेन.

मनाली : आज दमलात?

चारुलता : खूप. सरक जरा, मला टेकू दे भिंतीला.

मनाली : बाई, तुमचा पाय हलतोय.

चारुलता : हलू दे त्याला. बाकीची मी बसलेय ना.