वरचा पत्रा, खालचा सांगाडा

(सातपूर, १९८२. केरूच्या वर्कशॉपचं आवार. बिनपत्र्याच्या मोटारीच्या सांगाड्यावर फळी टाकून केरूची आई भागुबाई बसलेली. जवळ सून कुसा. फाटकाबाहेर ट्रक उभा.)

भागुबाई : ...आणि तुझा नवरा मला म्हणतो, "आई, जरा बाजूला हो." जरा! मी काय पाना हाय का, इथून उचलला नि तिथं ठेवला?

कुसा : आत्याबाई, सकाळपासून बसलात. उतरून चहा तरी घ्या.

भागुबाई : वरच दे. मी उतरले की ते मुंबईवाले गाडी ओढून नेतील. आणि तुमच्या घरात चहालासुद्धा ऑइलचा वास येतो.

केरू : (फाटकातून आत येत) आई, ट्रकवाला निघतो म्हणतोय.

भागुबाई : मग निघू दे. मी धरलंय का त्याला? उघडीनागडी गाडी विकायला लाज नाय वाटत? देवळालीच्या मेजरची चाकरी केली तुझ्या बापानं, तेव्हा मिळाली ती. लालभडक, दोन सिटांची, रेसची. नाशकात दुसरी नव्हती तशी.

केरू : त्यांना पत्रा नकोच आहे. हा चासीचा सांगाडा, इंजिन, गियरबॉक्स अस्सल असलं की झालं. बॉडी ते नवी बनवणार. आणि हे माझ्या वाट्याचं आहे. दादाला वरची बॉडी, मला खालचं सगळं. वाटणी तूच केलीस.

भागुबाई : का केली? एकाला दुसऱ्याशिवाय चालवता येऊ नये म्हणून! पंच हसले मला. म्हटलं हसा, नट आवळायला तरी दोघं भाऊ एका जागी येतील.

केरू : नऊ वर्षं झाली. आला दादा?

भागुबाई : तू गेलास?

कुसा : आत्याबाई, लेथ ठेवायला जागा नाही हो. हे उन्हात काम करतात.

भागुबाई : तू मधी पडू नको. केरू, ऐक. तिकडं सिन्नरला, तुझ्या दादाच्या, कारभारीच्या घरात, तुझं नाव काढायची चोरी हाय. ताटावरून उठतो तो. 'गाडी बघून येते, गंज चढंल' म्हटलं, की मात्र गप बसतो. तेवढ्यावर मी नाशिकची बस धरते. ही गेली की काय सांगून घराबाहेर पडू?

केरू : केरूला भेटायला जाते म्हणून सांग.

भागुबाई : हां. आणि संध्याकाळी माझं गाठोडं रस्त्यावर.

केरू : मग इथंच राहा.

भागुबाई : इथं राहिले की तो तुटला. आणि घर माझ्या नवऱ्याचं हाय. मी का सोडू?

केरू : बॉडी कशी आहे तिकडं?

भागुबाई : चांगली हाय. ताडपत्रीखाली. परवाच पुसली.

केरू : आई.

भागुबाई : काय?

केरू : शिमग्याला मी सिन्नरला गेलो होतो, गिऱ्हाइकाकडे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. बॉनेट उलटं करून दादानं म्हशींना गव्हाण केलीय. दारं खुराड्याला लावलीत.

कुसा : अगंबाई! मग आत्याबाई दर वेळी सांगायच्या ते...

केरू : तू गप.

भागुबाई : बोलू दे तिला. खोटं बोलत होते मी. झालं? पहिल्याच वर्षी मोडली त्यानं. तुला खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू हे भंगारात घातलं असतंस.

केरू : घातलं असतं.

भागुबाई : मग?

केरू : मग आता त्याला खोटं सांग. चासी आहे म्हण, गंज चढतोय म्हण. दादा कुठं बघायला येतोय?

कुसा : खरंच की. तुम्ही येत जा, आत्याबाई.

भागुबाई : इतके दिवस तुझ्यापाशी खोटं, आता त्याच्यापाशी. म्हातारीनं हाच धंदा करायचा मरेपर्यंत.

केरू : मी दुसरं काय करू?

भागुबाई : शिमग्याला मी ओसरीवरच होते, डाळ निवडत. दिसले तुला?

केरू : दिसलीस.

भागुबाई : हाक नाय मारलीस.

केरू : दादा होता गं.

भागुबाई : हात दे. पाय वळलेत माझे. हळू, मेल्या, हाडं हायेत ती! कुसे, फळी काढून घे, ती विकलेली नाय. आणि त्यांना म्हणावं, न्या.

केरू : आई, रागावलीस?

भागुबाई : राग कसला? इतकी वर्षं मला वाटायचं, एकटा कारभारीच भित्रा हाय.