सिद्ध होत नाही

ऋता : ...आणि ते 'सगळी माणसं मर्त्य आहेत'वालं उदाहरण आज नको, बाबा. दुसरं घ्या.

श्यामसुंदर : वाईच्या कॉलेजात माझी सगळी नोकरी त्याच उदाहरणावर निघाली. पण राहिलं. स्वयंपाकघरातलं घेऊ. दूध उतू गेलं तर शेगडी खराब होते. हे झालं आधारविधान. आता शेगडी खराब दिसली. मग दूध उतू गेलं असं म्हणायचं का?

ऋता : म्हणायचंच. माझ्याकडे रोज जातं.

श्यामसुंदर : तुझ्याकडे जात असेल, तर्कात जात नाही. वरणही उतू गेलं असेल. दूध गेलं तर शेगडी खराब, एवढंच आपल्याला सांगितलंय. उलटं कुणी सांगितलेलं नाही. पोरं हमखास इथेच घसरतात. तुझ्या परीक्षेतही याच जागी पकडतील बघ.

ऋता : आणि शेगडी स्वच्छ असली तर?

श्यामसुंदर : तर दूध उतू गेलेलं नाही. आधारविधान खरं असेल तर त्यातून सुटका नाही.

ऋता : मग माझं एक तपासा. हेरंब विमान घेऊन लेहला उतरला की मला मेसेज करतो. आज मेसेज आलेला नाही. म्हणून तो उतरलेला नाही.

श्यामसुंदर : आपण परीक्षेचं करत होतो ना?

ऋता : हेही तेच आहे. वैध आहे का सांगा.

श्यामसुंदर : वैध आहे. पण वैध म्हणजे खरं नव्हे. बांधणी ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. आधारविधान तपासावं लागतं. उतरला की मेसेज करतो, म्हणजे नेहमीच करतो? नेटवर्क नसेल. फोन विसरला असेल. जावईबापू चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात, मी पाहिलंय.

ऋता : स्वतःचा फोन नसला तर दुसऱ्याच्या फोनवरून करतो. लग्नाला हो म्हणताना मी तेवढीच अट घातली होती. फ्लाइंग करणाऱ्या माणसाला दुसरी काय घालणार? आजवर चुकलेला नाही यार. ऋग्वेदसुद्धा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी विचारतो, 'पापा का मेसेज आया?'

श्यामसुंदर : मग उतरला नसेल. माघारी फिरला असेल. तिकडे ढग आले की परत वळतात, तूच सांगितलं होतंस.

ऋता : परत आला तर इथल्याच तळावर येणार. आमच्या घरावरून आवाज जातो. हवाई दलाच्या विमानांचा वेगळा, प्रवासी विमानांचा वेगळा. सकाळपासून सगळी प्रवासीच गेली. बाबा, रिमोट कुठे आहे?

श्यामसुंदर : कसला?

ऋता : टीव्हीचा. तुम्हाला चहाबरोबर बातम्या लागतात. आज मी आंघोळ करून आले तर टीव्ही बंद, रिमोट गायब, आणि तुम्ही पुस्तक उघडून बसलेले. 'चल ऋता, तर्कशास्त्र करू.' एरवी मला तुमच्या मागे लागावं लागतं.

श्यामसुंदर : यावरून काही निष्पन्न होत नाही.

ऋता : तुमच्या चेहऱ्यावरून होतंय. काय बघितलंत?

श्यामसुंदर : खाली पट्टी जात होती. लडाखकडे निघालेल्या एका विमानाशी संपर्क तुटला, शोध चालू आहे. कुठलं, कुणाचं, काही नव्हतं गं. मला सांगवेना. ऋता?

ऋता : मला माहितीये. तुम्ही खाली दूध आणायला गेलात तेव्हाच युनिटला फोन केला मी. 'मॅम, अभी कुछ कन्फर्म नहीं है' म्हणाला तिथला ड्यूटीवरचा.

श्यामसुंदर : म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि मी इथे दूध आणि शेगडी करत बसलोय.

ऋता : तुमचं बीपी. शिवाय मला बरं वाटत होतं ऐकायला. थांबू नका ना. आज तिकडे काही विमानं गेली. त्यांतल्या एकाचा संपर्क तुटला. हेरंब त्यांतल्या एकात आहे. म्हणून?

श्यामसुंदर : म्हणून काहीच नाही. कुठलं तरी एक, यावरून हेच, असं निघत नाही.

ऋता : आणि आमच्यात एक रीत आहे. तशी बातमी कधी फोनवर देत नाहीत. सीओसाहेबांच्या मिसेस स्वतः घरी येतात, बरोबर डॉक्टर असतात. मागच्या पोस्टिंगला एकीच्या घरी मीसुद्धा गेले होते तिथल्या मॅडमबरोबर. पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते नुसती. तिने शेवटपर्यंत घेतला नाही.

श्यामसुंदर : ते आत्ता कशाला आठवतेस?

ऋता : मांडू द्या मला. बातमी वाईट असेल तर मॅडम येतात. मॅडम आलेल्या नाहीत.

श्यामसुंदर : म्हणून बातमी वाईट नाही.

ऋता : वैध?

श्यामसुंदर : वैध. पूर्ण मार्क.

ऋता : 'अजून आलेल्या नाहीत' असं म्हणायला हवं का?

श्यामसुंदर : नको. 'अजून' नको धरूस त्यात.

ऋता : बरं.

श्यामसुंदर : कुठे उठलीस? खिडकीशी काय आहे?

ऋता : खाली गाडी थांबली.

श्यामसुंदर : कुणाचीही असेल. एवढी बिऱ्हाडं आहेत इथे.

ऋता : मॅडम उतरल्या.

श्यामसुंदर : सेक्टर सतराच्या बाजारात निघाल्या असतील. जाता जाता वाकडी वाट करून...

ऋता : आपल्या या एयरोसिटीला वाकडी वाट करून कुणी येत नाही, बाबा. बाजारात जायचं असलं तर मुळीच नाही. मागून डॉक्टर उतरले.

श्यामसुंदर : इकडे ये तू. ये, बस माझ्याजवळ.

ऋता : तुम्ही म्हणालात, उलटं कुणी सांगितलेलं नाही. बातमी वाईट असेल तर मॅडम येतात. मॅडम आल्यात. म्हणून बातमी वाईटच आहे, असं होत नाही ना?

श्यामसुंदर : नाही.

ऋता : नीट सांगा. वर्गात सांगायचात तसं.

श्यामसुंदर : पुढचं खरं ठरलं म्हणून मागचं खरं ठरत नाही. पुढच्याला दुसरंही कारण असू शकतं.

ऋता : असू शकतं ना?

श्यामसुंदर : तर्काने असू शकतं.

(दाराची बेल वाजते.)

ऋता : म्हणजे सिद्ध होत नाही.

श्यामसुंदर : सिद्ध होत नाही, बाळ.

ऋता : मग दार उघडा ना.

श्यामसुंदर : उघडतो. तू आधी खाली बस.