हलायचं नाही, तबकडी जळतेय!

...आणि वर म्हणतात कसे, "श्वास जरा हळू घे!" आता सांगा! माणसाने श्वाससुद्धा विचारून घ्यायचा? का, तर म्हणे तबकडी जळतेय! तुम्ही सीडी म्हणा, डीव्हीडी म्हणा, मी आपली तबकडी म्हणते. ती त्या कॉम्प्युटरच्या खणात घालायची, बटण दाबायचं, की चौदा मिनिटं ती आत गरगर फिरणार, कॉम्प्युटरच्या पोटातला सिनेमा तिच्यावर उतरणार, ह्यालाच म्हणे तबकडी जाळणं, आणि तेवढ्यात टेबलाला कुणाचा गुडघा लागला, कुणी दार आपटलं, कुणी शिंकलं, की तबकडी फुकट! हा शोध कुणाचा? आमच्या ह्यांचा. जन्मभर कचेरीत नकाशे काढले ना, टेबल हललं की रेघ वाकडी, तेच डोक्यात बसलंय. "हलायचं नाही!" झालं! त्र्याहत्तर वर्षांची बाई, सांधे धरलेले, आणि खुर्चीत पुतळा!

तुम्हाला सांगते, ह्या सगळ्यात माझा काडीचा दोष नाही. म्हणजे सुरुवातीला नव्हता. नंतर होता. चिक्कार होता. ऐका तर खरं.

हे निवृत्त झाले तेव्हा लेकीने कॅमेरा दिला, हलती चित्रं घेणारा. तिला बिचारीला वाटलं, बाबा फुलं काढतील, पाखरं काढतील... बाबांनी मला काढलं! मी घोरताना काढलं. मी जिन्यावर पिशवीशी भांडताना काढलं. एकदा हसता हसता माझी कवळी सुटून चहाच्या कपात पडली. नवरा म्हणून धावायचं की नाही? हे धावले, पण कॅमेऱ्याकडे! आणि वर काय, "अगं, पुन्हा एकदा पाड ना, उजेड कमी होता!"

बरं, नुसतं काढून गप्प बसतील तर शपथ. सगळं कॉम्प्युटरात भरलं आणि एकेकाला नाव दिलं. 'घोरणं एक'. 'घोरणं दोन, आवाज सुधारून'. 'दात चहात'. त्र्याऐंशी सिनेमे! सगळ्यांचं मिळून एक खोकं, त्याचं नाव 'हिची गंमत'. घरी कुणी आलं की पाणी नंतर, आधी हिची गंमत. आणि आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, त्या तर दारातूनच ओरडायच्या, "वहिनी, तो दातांचा लावायला सांगा ना!" मला सांगतात! म्हणजे फजिती माझी आणि शिफारसही मीच करायची!

तरी मी सोसलं. पण ह्या साली लग्नाला पन्नास वर्षं झाली, लेकीने हॉल घेतला, आणि हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा. भिंतीएवढा! ह्यांनी छाती फुगवून जाहीर केलं, "सव्वाशे माणसांसमोर हिची गंमत दाखवणार." व्याही येणार, विहीणबाई येणार, ह्यांचे जुने साहेब येणार... आणि सगळ्यांसमोर माझे दात दारांएवढे! त्या दिवशी मी ठरवलं. म्हटलं, म्हाताऱ्या, आता तू आहेस आणि मी आहे.

आणि बघा, संधी कशी चालून येते! एकाच आठवड्यात ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पंधरा दिवस पडद्याकडे बघायचं नाही." कॉम्प्युटरवाला म्हणाला, "आजी, आतली डिस्क मरायला टेकलीय. शनिवारी मी नवी बसवतो. त्याआधी हवं ते तबकड्यांवर उतरवून घ्या. राहील ते गेलं."

म्हटलं, "गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं, आजी. कायमचं."

कायमचं! अहो, लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतका गोड शब्द कानावर पडला नव्हता.

आता उतरवणार कोण? हे काळा चष्मा लावून आरामखुर्चीत. मला म्हणाले, "तूच कर." म्हटलं, "मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला काय जमतंय!" असा केविलवाणा चेहरा केला म्हणता... त्यांना दिसत नव्हता, तरी केला. सवय लागते. तर म्हणाले, "सोपं आहे. तबकडी आत, बटण दाब, आणि हलायचं नाही!"

झाले सुरू. तिकडून आवाज, "काय उतरतंय?" मी म्हणायची, "घोरणं दोन, आवाज सुधारून." "शाब्बास! हलायचं नाही!" आणि उतरत काय होतं? गच्चीवरच्या टाकीची दुरुस्ती! चाळीस मिनिटं नुसता प्लंबर, तोही पाठमोरा! मी वर जाड पेनाने लिहायची, 'घोरणं'. हे हातात घेऊन बोटाने कुरवाळायचे, "पन्नास वर्षांचा ठेवा आहे हो हा." म्हटलं, आहे ना! प्लंबरचा आहे!

इथेच थांबले असते तर माझ्यासारखी सुखी मीच. पण सूड एकदा तोंडाला लागला की थोडक्यात भागतं का? मला पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक खोकं दिसलं. नाव, 'कचरा'.

"अहो, हे कचरा काय हो?"

हे खुर्चीत ताडकन सरळ! "ते नको! ते नाही उतरवायचं! कॅमेरा कधीमधी चुकून चालू राहायचा, ते आहे. बघायचंसुद्धा नाही!"

आता तुम्हीच सांगा, मला 'बघायचंसुद्धा नाही' म्हटल्यावर मी काय करणार? फक्त एकच भीती, आवाज झाला तर ह्यांना कळणार. कान अजून मांजरासारखे. मग मी हळूच मागची आवाजाची वायर उपटली आणि बसले बघत. मुकं, पण काय मुकं! अहो, ज्यांना गोड बंद आहे ते हे, बनियनवर, डब्यातली साखर चमच्याने खातायत! पाच चमचे! मोजले मी! पुढे पाल आली भिंतीवर, तर हे स्टुलावर चढून, हातात उघडी छत्री, आणि तोंडाने कुणाला तरी हाका मारतायत... कुणाला म्हणजे काय, मलाच! आणि शेवटी आरशासमोर, डोक्यावर टॉवेल, कंबरेत वाकून, एक पाय ओढत इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि तोंडाचा हा एवढा आ! म्हटलं, गुडघ्याचा व्यायाम दिसतोय. डॉक्टरांनी सांगितला होता ना. काय ध्यान! मला हसू आवरेना, तर हे ओरडले, "टेबल का हलतंय? हलायचं नाही!" मी पदर तोंडात कोंबला, तोच कचरा तबकडीवर उतरवायला लावला आणि हलले नाही. चौदा मिनिटं! आणि त्या तबकडीवर झक्क अक्षरात लिहिलं, 'हिची गंमत'.

शनिवारी कॉम्प्युटरवाल्याने जुनी डिस्क काढली. म्हणाला, "ही टाकून देऊ?" म्हटलं, "नको नको, माझ्याकडे दे." आणि स्वयंपाकघरात नेऊन बत्त्याने अशी कुटली... हे बाहेरून विचारतायत, "काय गं, काय कुटतेस?" म्हटलं, "वेलदोडे!"

तर हॉलचा दिवस. माणसं गच्च. ह्यांचा चष्मा गेलेला, डोळा लख्ख, नवा कोट. वन्सं पहिल्या रांगेत, हातात रुमाल, म्हणतात, "हसून रडायची तयारी करून आलेय!" म्हटलं, रडा वन्सं, पोटभर रडा. लेकीने तबकडी घातली. मी मागे सरळ बसले, हात मांडीवर. आज तर मला कुणी सांगायला नको होतं.

पडद्यावर भिंतीएवढी साखर! भिंतीएवढं बनियन! लोक फुटले. हे पांढरेफटक. "अगं, हे... हे कुठलं..." मी छताकडे बघतेय. मग पाल आली, छत्री आली, आणि आवाजही आला, "अगं एऽऽ, लवकर येऽऽ, ही बघतेय माझ्याकडेऽऽ!" जुने साहेब डोळे पुसतायत. अहो, काय सांगू तुम्हाला, पन्नास वर्षांचं वसूल झालं त्या दोन मिनिटांत!

आणि मग टॉवेल आला. गुडघ्याचा व्यायाम आला. आणि भिंतीएवढ्या आवाजात, माझ्या आवाजात, अगदी माझ्या, नाकातून, "अहोऽऽ, ऐकलंत काऽऽ? माझे दात पाहिलेत का कुठेऽऽ?"

तो व्यायाम नव्हता हो! ती मी होते! ते माझं वाकणं, तो माझा पाय, आणि तो आ म्हणजे माझं घोरणं, तीन सुरांत, शेवटच्या शिट्टीसकट! त्र्याऐंशी सिनेमे मारले मी, एकेक वेचून मारला, आणि जो एक माझ्या हाताने वाचवला, त्यात सगळ्या त्र्याऐंशींची नक्कल! वन्सं खुर्चीवरून खाली. विहीणबाई, एरवी ओठ न उघडणाऱ्या, त्या म्हणतायत, "हुबेहूब! हुबेहूब!" मी हललेच नाही. हलताच येईना.

आणि हे? मला वाटलं, साखर पकडली, आता चिडतील, निदान लाजतील. तर हे उठून माझ्याकडे आले, नव्या डोळ्यात पाणी, माझे हात हातात घेतले आणि सव्वाशे माणसांदेखत म्हणतात, "अगं, मी कचऱ्यात टाकलेलं तू उचलून आणलंस? माझी कला तुला इतकी आवडली? पन्नास वर्षांत एकदा बोलली नाहीस!"

टाळ्या! नाही म्हणावं तर सगळं बाहेर येतंय. मी म्हटलं, "इश्श."

आता सगळ्यांना ती तबकडी हवीय. वन्संना दोन. मागण्या बेचाळीस, मोजून, एकीला चौदा मिनिटं, आणि हे शेजारी खुर्ची टाकून बसलेत, कारण आता दिसतंय ना त्यांना. प्रत्येकीवर जाड पेनाने लिहायला लावलंय, 'कलाकार – मी स्वतः. निवड आणि संकल्पना – माझी बायको.' आत्तापर्यंत अकरा उतरल्यात. आणि म्हणतात, अक्षर जरा सुवाच्य काढ.