वाचनालयाचं बिजलीचं घड्याळ

हसू नका त्या भोकवाल्या सूटकेसला. मुद्दाम बैठकीत ठेवलीय मी. चहा घ्या आणि ऐका.

मध्य प्रदेश नवा-नवा झाला होता तेव्हा. आमचे हे दफ्तरात कारकून, पण वेड घड्याळं दुरुस्त करायचं. वाचनालयातलं संस्थानी काळातलं बिजलीचं घड्याळ बंद पडलं होतं. त्यात फायबरचं, म्हणजे दाबून कडक केलेल्या पुठ्ठ्याचं, एक चाक असतं, त्याचे दाते झडले होते. मुंबईच्या दुकानदारानं कळवलं, "हा पार्ट आता कुठेच मिळत नाही. घड्याळ भंगारात द्या."

बस, भंगार हा शब्द ह्यांना झोंबला. कापडगिरण्यांमागचं सगळं कबाड धुंडाळलं, पण तसं फायबर काही मिळेना.

मग एका सकाळी मी माहेरी जायला लग्नात बाबांनी दिलेली सूटकेस काढली, तर झाकणाला पेढ्याएवढं गोल भोक!

"अहो, हे काय?"

हे आतून ओरडले, "अगं, तुझी सूटकेस अस्सल फायबरची निघाली!"

मी कपडे चादरीत बांधले आणि तणतणत देवासला गेले.

परत आले तोवर त्या तुकड्याला कानसीनं दाते पाडून झाले होते आणि घड्याळ चालू! वाचनालयात ह्यांचा सत्कार ठेवला. भर सभेत सेक्रेटरी म्हणाले, "कमाल केली भिया! पार्ट कुठून मंगवला, विलायतेहून?"

हे उठले, बायकांच्या रांगेत मला शोधलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले,

"नाही जी, सासुरवाडीहून."