तार कापायच्या आधी

पक्कड : नाही बाई, खुर्चीवर नको. खुर्चीत बसलो की पाहुणा झालो, आणि मी आलोय तुमच्या फोनची तार कापायला.

बाई : उभ्याने कापलीस म्हणून ती कमी तुटणार आहे का? बस. चहा टाकते.

लेक : आई, काकांना अजून घरं करायची असतील.

पक्कड : नाही ग पोरी, हे शेवटचंच. मुद्दाम मागे ठेवलं होतं. बाकीच्यांना तर आपल्या घरात असला फोन आहे हेच आठवत नव्हतं. एकाने त्याच्यावर कुंडी ठेवली होती.

बाई : आणि हातात काय आणलंयस ते?

पक्कड : पुस्तक. नव्या मालकांनी छापलंय, आपल्या कंपनीचा इतिहास. तार काढायची आणि हे द्यायचं, असा हुकूम आहे.

बाई : तांबं न्यायचं, कागद द्यायचा. वाच ग, बघू काय काय केलं आम्ही. माझा चष्मा आत राहिलाय.

लेक : "एका दूरदर्शी डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यापासून सुईणीच्या घरापर्यंत टाकलेल्या तारेतून या कंपनीचा जन्म झाला."

बाई : दूरदर्शी कसले! पायाने अधू होते. दरवेळी सुईणीला बोलवायला कोण जाणार, म्हणून टाकली तार. मग गिरणीवाला म्हणाला मलाही द्या, मग स्टेशनमास्तर. अशी झाली कंपनी. पुढे?

लेक : "कुशल महिला ऑपरेटरांनी अनेक वर्षे अविरत सेवा दिली." मग एक फोटो आहे. त्यात तू नाहीस.

बाई : नसणारच. त्या दिवशी फोटोवाला आला तेव्हा कोणीतरी बोर्डावर बसायला हवं होतं ना. तुझ्या बाबांचं काही?

लेक : नाव नाही. "गावोगावी खांब उभारले गेले" असं आहे.

बाई : उभारले गेले म्हणे. पावसाने उगवल्यासारखे.

पक्कड : मला उस्तादांनीच, हिच्या बाबांनीच, चढवलं पहिल्या खांबावर. वर जाऊन खाली बघितलं आणि रडायलाच लागलो. खालून म्हणाले, रडायचं तर खुशाल रड, पण हातातली पक्कड सोडू नकोस. तेव्हापासून सगळे मला पक्कडच म्हणतात. बायकोसुद्धा.

बाई : तुझ्यावर जीव होता त्यांचा. पोटच्या पोरापेक्षा जास्त, असं मी रागात म्हणायचे. पक्कड, एक विचारू? तार ने. यंत्रही ने. नंबर तेवढा राहू दे ना.

पक्कड : नंबर कसा राहील, बाई? एक्सचेंजच बंद होतंय. सोमवारपासून ती इमारत पाडायला घेतायत.

बाई : आणि कोणी हा नंबर फिरवला तर?

पक्कड : रेकॉर्ड लागेल. हा नंबर अस्तित्वात नाही, असं सांगेल.

बाई : असं तोंडावर? आम्ही कधी कोणाला असं म्हटलं नाही. घर रिकामं झालेलं असलं तरी म्हणायचो, थांबा हं, शेजारी जोडून देते. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, फोन करणारा माणूस रिकामा परत जाता कामा नये.

लेक : आई, तुला मोबाइल घेऊन दिलाय. आता तू माझ्याकडेच राहायला येणार आहेस. कशाला हवा हा नंबर?

बाई : त्याला मोबाइलचा नंबर ठाऊक नाही.

पक्कड : कोणाला?

लेक : जाऊ दे ना, आई.

बाई : का जाऊ दे? हा काय परका आहे? माझ्या मुलाला, पक्कड. त्याला हा एकच नंबर पाठ आहे.

पक्कड : त्याचा पत्ता लागला? मला कसं कोणी बोललं नाही?

बाई : पत्ता नाही लागला. पण तो फोन करतो.

पक्कड : काय बोलतो?

बाई : बोलत नाही. तो बाहेरगावी शिकायला होता ना, तेव्हा आमचं ठरलेलं असायचं. तिकडे पोचला की नंबर फिरवायचा, एक घंटी झाली की ठेवून द्यायचा. एक घंटी म्हणजे पोचलो. पैसे पडत नसत. सगळ्याच ऑपरेटरांची पोरं करायची तसं, आणि आम्ही काणाडोळा करायचो. मग त्याचं आणि ह्यांचं वाजलं. हे म्हणाले, कंपनीत चिकट. तो म्हणाला, मरायला टेकलेल्या कंपनीच्या खांबावर मी नाही चढणार.

पक्कड : आठवतंय. एक्सचेंजच्या दारातच झालं होतं ते.

बाई : मग घरी येऊन पुरं केलं. हे म्हणाले, चालता हो, आणि फोनही करू नकोस. तो गेला. त्या वेळी घंटी नाही झाली. हे होते तोवर कधीच नाही झाली. आणि हे गेले त्याच महिन्यात सुरू झाली. दर शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर. कुठूनतरी कळलं असणार त्याला. बापाने बंदी घातली होती, बाप गेला तशी बंदी उठली.

पक्कड : शनिवारी.

बाई : एक पुरी घंटी होते, आणि मग लगेच एक तुटकी. टिण. एवढीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला कळलं, हा ठेवायला जातो पण हात निघत नाही त्याचा. लहानपणीही दारातून निघताना परत एकदा वळायचा, तसंच.

पक्कड : बाई, पण ते दुसरंच काही असेल. एक्सचेंजमधून कोणी...

बाई : मला शिकवतोस? आधी तेच मनात आलं माझ्या. पण शनिवारी एक्सचेंजमधून प्रत्येक तारेवर घंटी देऊन बघायची ती चाचणी बंद झाल्याचं पत्रक मीच माझ्या हाताने फळ्यावर डकवलं होतं, निवृत्त व्हायच्या आठवड्यात. बाहेरच्या बाईला फसवता आलं असतं. मी आतली आहे. बस, चहा उतू जाईल माझा. चष्माही घेऊन येते.

लेक : काका, काय झालं? असे काय बघताय?

पक्कड : बाहेर चल जरा.

लेक : इथेच बोला. ती स्वयंपाकघरात गेली की तिला काही ऐकू येत नाही.

पक्कड : ती घंटी मी देतो, पोरी.

लेक : काय म्हणालात?

पक्कड : उस्ताद आजारी होते तेव्हा मला म्हणाले होते, माझ्या घरची तार मरू देऊ नकोस. चाचणी बंद झाली होती, पण घंटी द्यायच्या किल्ल्यांचं टेबल तसंच होतं. शनिवारी डबा खाऊन झाला की मी या एका घराची किल्ली दाबायचो. घंटी गेली की समजायचं, तार जिवंत आहे. मला वाटलं, बाईंना माहीत असेल मीच आहे म्हणून. दुसरं कोण असणार!

लेक : आणि ती तुटकी घंटी?

पक्कड : किल्ली झिजलीय ग. बोट उचललं तरी क्षणभर चिकटून राहते.

लेक : मला आधी वाटायचं हिला भास होतात. मग एका शनिवारी मी इथे होते आणि मीही ऐकली. तेव्हापासून मीसुद्धा धरून बसले, काका. किती राग केला मी त्याचा! मी शनिवारी बाळंत झाले, तर ही बाळ बघायला रविवारी आली. घंटी चुकेल म्हणून. मी दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला शिव्या देत होते. म्हणजे तो होता कुठेतरी. शिव्या द्यायला तरी होता.

पक्कड : मी सांगतो तिला. माझ्याच तोंडून जाऊ दे.

लेक : अजिबात नाही. तार कापा आणि जा. तिला वाटू दे, नंबर गेला म्हणून फोन थांबला. ते दुःख मला सांभाळता येईल. हे दुसरं नाही येणार.

पक्कड : बरं. नाही बोलत.

बाई : घे चहा. साखर कमी असेल तर सांग. तोंड का असं उतरलंय दोघांचं? मी रडत नाहीये, तर तुम्ही कशाला?

पक्कड : छे छे. बाई, उरकून घेतो. बाहेरूनच कापतो, दारावरून.

बाई : आणि घंटी?

पक्कड : कसली?

बाई : विसरलास? तार कापायच्या आधी एक्सचेंजमधून घंटी द्यायची, आणि घरच्या माणसाने म्हणायचं, ऐकली. मगच कापायचं. एकाने चुकून भलत्याच घराची तार तोडली होती, आणि त्याच रात्री त्या घरातली बाई बाळंतपणात अडली. तेव्हापासूनचा नियम आहे डॉक्टरांचा.

पक्कड : आता या गल्लीत चुकायला दुसरी तारच नाही, बाई.

बाई : नसू दे. ह्यांनी कधी घंटीवाचून तार कापली नाही. त्यांच्याच घरची तशी कापणार तू?

लेक : आई, कशाला हट्ट करतेस? काकांना उशीर होतोय.

बाई : चहा प्यायला वेळ आहे ना त्याला? लाव रे फोन. कोण आहे आज एक्सचेंजला?

पक्कड : आहे एक जण, सामान बांधतोय. थांबा. हॅलो? हां, मीच. उस्तादांच्या घरी आहे. एक घंटी दे इकडे. नाही नाही, टेबलावरून नको. तुझ्या साध्या फोनवरून नंबर फिरव.

बाई : साध्या फोनवरून का? तो फोन भलत्याच तारेवर वाजला तरी त्याला काय कळणार? टेबलावरून द्यायला सांग.

लेक : आई, ऐक ना माझं.

बाई : इतकी वर्षं या कंपनीत काढली मी. एवढं एक तरी नीट होऊ दे.

पक्कड : हॅलो. ऐकतोयस? टेबलावरून दे. हो, त्याच किल्लीने.

(फोन वाजतो. एक पूर्ण घंटी, आणि मागोमाग एक तुटकी.)

लेक : आई.

पक्कड : बाई, बसा. पोरी, खुर्ची दे त्यांना.

बाई : ती किल्ली. अशीच वाजते का नेहमी?

पक्कड : झिजलीय ती.

बाई : आज शनिवार नाही.

पक्कड : नाही.

बाई : शनिवारी तू असायचास?

पक्कड : उस्तादांनी सांगितलं होतं. मला खरंच वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही आतल्या.

लेक : त्यांचा काही दोष नाही, आई. कोणाचाच नाही.

बाई : दोष कोण म्हणतंय? दर शनिवारी डबा संपवून उठायचा तो, ह्यांच्या शब्दाखातर. एक शनिवार चुकवला नाहीस रे.

पक्कड : बाई, तो कुठेतरी असेलच. फोन नाही केला म्हणून काही...

बाई : तो निघाला तेव्हा मी रात्रभर या फोनपाशी बसले होते. गाडी सकाळी तिकडे लागायची. ती लागली, दुपार झाली, तरी मी उठले नाही. मनाला म्हटलं, बापाने नको सांगितलंय म्हणून करत नसेल. पण बाप कामावर गेलेला असायचा ग दिवसभर. त्याला ठाऊक होतं ते. एक घंटी द्यायला कोण अडवणार होतं?

लेक : नको ना असं बोलूस.

बाई : म्हणजे तो पोचलाच नाही.

पक्कड : आज राहू दे, बाई. मी उद्या येतो. परवा येतो.

बाई : उद्या येऊन काय करणार? घंटी झालीय, मी ऐकली. काप तार.