घासलेली टोकनं

नाही नाही, बघा ना खुशाल भिंगातून, मी कुठे नको म्हणतेय? ह्या पेटीत दोनशे अकरा आहेत. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं जमवली — दुसऱ्या महायुद्धात सुट्टे पैसेच मिळेनात ना, तेव्हा चहावाले, किराणावाले उरलेल्या आण्याऐवजी स्वतःच्या नावाची पितळी टोकनं हातावर ठेवायचे — पण हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही ती विकत घ्यायलाच डोंबिवलीहून कोपरीला आलात. असं तोंड का केलंत? चकचकीत आहेत म्हणून? अहो, दसऱ्याला देवाची भांडी चिंचेत घातली, त्यात हीपण घातली. मला अडाणीला काय कळतंय!

कळत होतं. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू — हे शंभरदा सांगायचे, तो काळेपणा काढू नकोस गं, तो गेला की टोकनाची किंमत गेली. पण त्या वर्षी आमची लेक जागृती बाळंतपणात अडली, कल्याणला, हॉस्पिटलात — रक्त आणा, रक्त आणा — आणि तिचा बाप कुठे? खडवलीला! कुठल्याशा वाण्याच्या माळ्यावर टोकनं शोधत. सतरा फोन केले मी. फोन खाली, पिशवीत. संध्याकाळी आला माणूस, तोवर पोर गेली. बाळही गेलं. आणि तेरावं झालं, तर चौदाव्या दिवशी हा माणूस भिंग घेऊन बसला! माझं डोकंच फिरलं. हे बँकेत गेले, तशी सगळी भिजवली आणि बोटं सोलवटेपर्यंत घासली. मुद्दाम. दसरा कसला नि काय! मग बसले वाट बघत — हे ओरडले की मीही सगळं ओकणार होते. तर हे आले, बघितलं, एकेक पुसून वेगवेगळ्या कागदी पाकिटात भरलं. शब्द नाही. पुढे तीन वर्षं जगले, पण त्यावर शब्द नाही. आता माणूसच गेला, विचारू कुणाला?

काय झालं? पाकिटावर? असतं हो लिहिलेलं — दुकानाचं नाव, गाव — खाली पेन्सिलीने? बारीक नाही दिसत मला, वाचा तुम्हीच.

काय? परत वाचा.

‘माझ्या चुकीमुळे घासलं गेलं.’ सगळ्यांवर? ते दुसरं बघा. तेही? अहो, मग मला सांगायचं ना! मी इथेच होते, ह्या स्वयंपाकघरात, तीन वर्षं, दोन वेळा वाढत होते मी त्यांना —

द्या ती पेटी. नाही विकायची. नाही म्हणतेय ना! घाला चपला आणि निघा तुम्ही.